मधुमेह, पोटाचा घेर आणि हृदय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न मुख्यतः टाइप २ मधुमेहाबद्दलचे आहेत. औषधांची नावं आणि मात्रा डॉक्टरांशी बोलताना समजावं म्हणून दिल्या आहेत, आपली गोळी आपणच बदलावी म्हणून नाही. आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत, म्हणजे आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टवर असतात तसे. इंग्लंडकडच्या रिपोर्टवर साखर ७.० अशी दिसली तर तिला १८ ने गुणा, कोलेस्टेरॉलला ३८.७ ने आणि ट्रायग्लिसराइडला ८८.६ ने.

१. आजार साखरेचा, मग डॉक्टर सारखं हृदयाचंच काय बोलतात?

कारण मधुमेही माणूस बहुतेक वेळा साखर वाढून दगावत नाही, हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने दगावतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीत १९७० च्या दशकातच दिसलं होतं की मधुमेहात हा धोका दुप्पट-तिप्पट होतो, आणि बायकांमध्ये ही वाढ पुरुषांपेक्षाही जास्त असते.

मुळाशी आहे शरीराने इन्सुलिनला दाद न देणं. स्नायू साखर नीट आत घेत नाहीत, यकृत नको तेव्हा साखर सोडत राहतं आणि स्वादुपिंड भरपाई म्हणून जास्त इन्सुलिन ओततं. कातडीखालच्या मेदपेशी भरल्या की उरलेली चरबी यकृतात साठते. यकृत ती ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात सोडतं. त्यातून चांगलं कोलेस्टेरॉल (एचडीएल) घटतं आणि वाईटाचे (एलडीएल) कण लहान, घट्ट होऊन धमनीच्या भिंतीत सहज शिरतात. जादा इन्सुलिनमुळे मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, त्याने बीपी चढतं. हे सगळं साखर निदानाच्या रेषेला टेकण्याच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेलं असतं. म्हणूनच काहींना आपला मधुमेह पहिल्यांदा कळतो तो हार्ट अटॅकनंतर आयसीयूत.

२. रिपोर्टवर 'मेटाबॉलिक सिंड्रोम' लिहिलंय. हा वेगळा रोग आहे का?

नाही, हे एकत्र आढळणाऱ्या पाच गोष्टींचं नाव आहे. पाचांपैकी तीन असल्या की हा शिक्का बसतो: कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० सेंटिमीटर किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा, बायकांत ५० पेक्षा कमी, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. बीपी किंवा साखरेची गोळी चालू असेल तर आकडा नॉर्मल आला तरी तो मुद्दा धरतात.

घेर मोजताना हमखास चूक होते. पँटचा ३४ इंची पट्टा म्हणजे कमरेचा घेर नव्हे, कारण पट्टा ढेरीच्या खाली बसतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप धरा, श्वास सोडा, पोट आत न ओढता वाचा.

३. माझं वजन ५८ किलो, अंगकाठी बारीक. मला कसा मधुमेह?

वजनकाटा चरबी कुठे आहे ते सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा मुद्दा जगापुढे मांडला. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात तर जन्मलेली बाळंसुद्धा इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने हलकी, पण चरबीच्या बाबतीत तितकी कमी नसलेली आढळली. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. स्नायू कमी म्हणजे साखर जाळणारी भट्टीच लहान.

अशा माणसाने नुसतं खाणं कमी करून वजन ५८ चं ५३ केलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर, उठाबशा किंवा वजनं, आणि जेवणात पुरेसं प्रथिन हवं.

४. शुगर 'बॉर्डरवर' आहे. म्हणजे अजून काही झालेलं नाही ना?

उपाशीपोटी १०० ते १२५, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ५.७ ते ६.४ म्हणजे पूर्वमधुमेह. त्याच्या पुढे मधुमेह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीप्रमाणे भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोकांना पूर्वमधुमेह आहे. मधुमेहाचं सर्वांत मोठं प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के.

डोळ्याच्या पडद्याचं नुकसान मुख्यतः मधुमेहाच्या रेषेनंतर वाढतं. हृदयाच्या धोक्याला मात्र अशी रेषा नाही, तो बॉर्डरच्या आधीच चढू लागतो. चांगली गोष्ट अशी की इथे प्रयत्नांना फळ येतं: अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या चाचणीत सुमारे ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, या उद्दिष्टांनी मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईत झालेल्या भारतीय चाचणीत जीवनशैलीचा फायदा २८.५ टक्के होता. आपल्याकडे कमी, पण फुकटातला.

५. कोणत्या तपासण्या आणि किती दिवसांनी?

एचबीए१सी दर तीन महिन्यांनी, स्थिर असेल तर सहा. लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडची तपासणी) वर्षातून एकदा. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर ६ ते १२ आठवड्यांत. सीरम क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळणीचा वेग), डोळ्याच्या पडद्याची तपासणी, तळपायांची तपासणी, हे सगळं वर्षातून एकदा.

ज्या तपासणीला सर्वांत जास्त फाटा मिळतो ती म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर. मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये ३० पर्यंत ठीक, ३० ते ३०० म्हणजे मूत्रपिंड झिरपू लागलंय, त्यापुढे जास्त. हा आकडा किडनीइतकाच हृदयाचाही आरसा आहे, कारण गळकी धमनी एकाच अवयवात नसते. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, पाळी, आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम यांनी तो उगाच वाढतो. म्हणून वाढलेला आला तर तीन-सहा महिन्यांत पुन्हा करतात. तीनपैकी दोनदा वाढला तर खरा.

आयुष्यात एकदाच करायची तपासणी: लायपोप्रोटीन (ए), एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका जन्मजात जास्त. पथ्याने तो जवळपास हलत नाही, पण बाकीचे आकडे किती घट्ट धरायचे ते त्यावरून ठरतं.

बीपी घरी मोजताना लघवीला जाऊन या, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, दंड छातीच्या पातळीला ठेवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या. अधूनमधून उभं राहूनही मोजा. वरचा आकडा २० ने पडत असेल तर मज्जातंतू दुखावल्याची शंका येते आणि बीपीच्या गोळ्या जपून वाढवाव्या लागतात.

६. एचबीए१सी ६.१, पण घरच्या मशीनवर उपाशीपोटीच १६०-१७०. खोटं कोण बोलतंय?

एचबीए१सी ७ म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४. एक अंक वाढला की सरासरी साधारण २९ ने वाढते. ६.१ ला ती १३० च्या आसपास हवी. उपाशीपोटीच १७० असेल तर मेळ बसत नाही.

आधी मशीन तपासा. बोट साबणाने धुऊन कोरडं केलं का, पट्ट्यांची मुदत संपली का, डबी उघडी राहिली का? आंबा कापलेल्या हाताने रक्त घेतलं तर आकडा फुगतोच. मशीन बरोबर असेल तर रक्तपेशींकडे पाहा. तांबड्या पेशी लवकर मरत असतील तर एचबीए१सी खोटं कमी येतं: सिकलसेल, थॅलेसेमिया, नुकताच झालेला रक्तस्राव, रक्त चढवणं, डायलिसिस. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या माणसाच्या बाबतीत सिकलसेलचा विचार आधी करावा. उलट लोहाच्या कमतरतेने ते खोटं जास्त येतं आणि लोहाच्या गोळ्यांनी 'सुधारतं'. अशा वेळी घरच्या नोंदी किंवा फ्रुक्टोसामिन (दोन-तीन आठवड्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) जास्त विश्वासाची.

७. शुगर जितकी खाली तितकं हृदय सुरक्षित, बरोबर ना?

नाही. अमेरिका-कॅनडातल्या 'ॲकॉर्ड' चाचणीत दहा हजारांवर लोक होते. एका गटाला एचबीए१सी ६ च्या खाली आणायचं लक्ष्य दिलं. त्या गटात मृत्यू २२ टक्क्यांनी जास्त झाले आणि २००८ साली तो भाग मधेच थांबवावा लागला. याउलट ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात नव्यानेच निदान झालेल्यांची साखर सुरुवातीपासून आटोक्यात ठेवली, तर हार्ट अटॅक कमी होण्याचा फायदा चाचणी संपल्यानंतर दहा वर्षांनी स्पष्ट दिसला. पहिली काही वर्षं म्हणूनच मोलाची. जुना मधुमेह आणि दुखावलेलं हृदय असताना आकडा घाईने ओढणं मात्र महागात पडतं.

बहुतेकांना ७ च्या आसपासचं लक्ष्य योग्य. तरुण, नवा आजार, साखर एकदम उतरवणारी औषधं नाहीत, तर ६.५. सत्तरी ओलांडलेले, एकटे राहणारे, एकदा अटॅक येऊन गेलेले असतील तर ७.५ ते ८ सुद्धा चालतं.

८. मग हृदय नेमकं कशाने वाचतं?

सगळे दोर एकाच वेळी ओढल्याने. डेन्मार्कच्या 'स्टेनो-२' अभ्यासात फक्त १६० रुग्ण होते. निम्म्यांची साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, व्यायाम, सिगारेट यांवर सुमारे आठ वर्षं एकत्रित काम केलं. २१ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा या गटाचं आयुष्य दुसऱ्यापेक्षा जवळपास आठ वर्षांनी जास्त निघालं. (मध्यक ७.९ वर्षं.)

त्यातला सर्वांत जड दोर एलडीएलचा. ते ३९ ने उतरलं की मधुमेहींमध्ये हृदय-मेंदूच्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतात. रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा निरोगी माणसाची आहे. चाळिशीच्या पुढच्या मधुमेहीला एलडीएल ७० च्या खाली हवं, अटॅक किंवा स्टेंट झाला असेल तर ५५ च्या खाली. बीपी १३०/८० च्या खाली. आणि तंबाखू पूर्ण बंद, मिश्रीसकट.

स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळीची) मात्रा दुप्पट केली तर एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं. त्यामुळे एका टप्प्यानंतर इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी १० मिलिग्रॅम जोडणं जास्त फायद्याचं. त्याने सुमारे २० टक्के घट मिळते.

९. कोलेस्टेरॉलच्या गोळीनेच शुगर वाढते म्हणे. बंद करू का?

थोडी वाढते, हे खरं. २५५ लोकांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर एकाला जादाचा मधुमेह होतो. तेवढ्याच लोकांत सुमारे पाच मोठ्या हृदयघटना टळतात. ज्याला मधुमेह आहेच त्याच्या एचबीए१सीत पडणारा फरक किरकोळ असतो. स्नायू दुखत असतील तर गोळी परस्पर बंद न करता सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासा. औषध बदलून किंवा मात्रा कमी करून बहुतेकांना स्टॅटिन सोसतं.

१०. रोज छोटी ॲस्पिरिन घ्यावी का?

अटॅक, स्टेंट, बायपास किंवा पक्षाघात झाला असेल तर डॉक्टर देतात आणि ती चुकवायची नाही. काहीच झालेलं नसताना मात्र सरसकट नको. २०१८ च्या 'असेंड' चाचणीत मधुमेहींमध्ये घटना १२ टक्क्यांनी घटल्या, गंभीर रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढला.

११. लघवीवाटे साखर काढणारी गोळी दिली आहे. ती हृदयासाठी कशी?

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही त्यांची नावं. २०१५ साली 'एम्पा-रेग' चाचणीत आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेहींचे हृदयामुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. साखर उतरण्याच्या मानाने हा फायदा फारच मोठा होता. या गोळ्या साखरेबरोबर मीठ-पाणीही बाहेर काढतात आणि किडनीवरचा दाब उतरवतात. हार्ट फेल्युअरमध्ये (हृदय कमजोर पडून काम पेलत नाही तेव्हा) त्या मधुमेह नसलेल्यांनाही देतात. पेटंटची मुदत संपल्यापासून किंमतही उतरली आहे.

गोळी चालू असताना लघवीच्या रिपोर्टवर साखर चार अधिक येणारच, घाबरू नका. पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं, तेही अपेक्षित. जननेंद्रियाला खाज सुटणं, बुरशी येणं हा नेहमीचा त्रास. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं केलं की बराच टळतो. लाजून गोळी सोडून देणारे पुष्कळ, डॉक्टरांना सांगणारे थोडे.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. उलट्या-जुलाब, निर्जळी उपवास, ऑपरेशन, किंवा इन्सुलिन अचानक बंद केलं, तर रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) साचतात, आणि साखर दोनशेच्या आत असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर साखर किती ते न बघता रुग्णालयात जा. आजारपणात अन्नपाणी टिकत नाही तोवर गोळी थांबवा, ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करा. हा नियम गोळी लिहून घेतानाच विचारून ठेवा.

१२. ट्रायग्लिसराइड ६२० आलंय. हृदयासाठी गोळी कोणती?

५०० च्या वर पहिली भीती हृदयाची नसते, स्वादुपिंडाला सूज येण्याची असते. कारण बहुतेकदा तीनांत सापडतं: साखर मोकाट, दारू, किंवा थायरॉइड. साखर ताळ्यावर आणली, दारू थांबवली की दोन-चार आठवड्यांत आकडा धाडकन पडतो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असताना सूत्राने काढलेलं एलडीएल चुकीचं येतं. तेव्हा एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. हे नॉन-एचडीएल, आणि त्याचं लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त धरायचं (प्रश्न ८).

१३. पोळी सोडून भाकरी धरली, साखर सोडून गूळ. आकडे का हलत नाहीत?

गूळ म्हणजे रंगीत साखर. त्यावर आणखी वेळ घालवायला नको. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात पिष्ट जवळपास सारखंच असतं. एका फुलक्याला २५ ग्रॅम पीठ लागतं, एका जाड भाकरीला ६०-७०. 'दोनच भाकरी खातो' म्हणणारा पाच फुलक्यांचं पीठ पोटात घालतो. भाकरी चांगलीच, पण एक, आणि उरलेली जागा उसळ, पिठलं, अंडी, मासे, पालेभाजीने भरा. आधी कोशिंबीर-उसळ आणि मग भाकरी-भात, या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते. जेवल्यावर १०-१५ मिनिटं चालल्यानेही.

साबुदाणा कोरडा १०० ग्रॅम घेतला तर त्यात पिष्ट ८५ ग्रॅमच्या वर आणि प्रथिन नावालाही नाही. एकादशीची खिचडी हा उपवास नसून साखरेची मेजवानी आहे. त्यापेक्षा दही, ताक, शेंगदाणे, राजगिरा बरा.

तेल माणशी महिन्याला अर्धा किलोच्या आसपास. मीठ दिवसाला सपाट चमचाभर, लोणचं, पापड, फरसाण धरून. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन (बीपी-हृदयाच्या या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं) चालू असेल तर विचारल्याशिवाय वापरू नका.

१४. छातीत दुखत नाही, ईसीजीही नॉर्मल. तरी अटॅक असू शकतो?

असू शकतो. जुन्या मधुमेहात हृदयाच्या वेदना पोचवणारे तंतूच बोथट होतात. मग अटॅक येतो तो धाप, दरदरून घाम, अचानक गळून जाणं, जबडा किंवा पोटाचा वरचा भाग दाटून येणं, अशा रूपात, आणि त्याला 'पित्त' म्हणून सोडा दिला जातो. कारण नसताना साखर एकदम ३५०-४०० गेली तर तेही लक्षण असू शकतं. पहिला ईसीजी साफ येऊ शकतो. म्हणून तो काही वेळाने पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासतात.

शंका आली की १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खा. जिभेखालची सॉर्बिट्रेट दुसऱ्याच्या सांगण्यावरून नको: बीपी कमी असेल किंवा सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलेली असेल तर ती घातक ठरते.

१५. काही त्रास नसताना दरवर्षी अँजिओग्राफी किंवा स्ट्रेस टेस्ट करावी का?

नाही. लक्षणं नसलेल्या मधुमेहींची अशी सरसकट तपासणी केल्याने अटॅक कमी झाल्याचं दिसलेलं नाही. स्टॅटिन घ्यायची मनाची तयारी होत नसेल तर कॅल्शियम स्कोअरचा (हृदयाच्या धमन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारा) सीटी स्कॅन निर्णयाला मदत करतो. अँजिओग्राफी लक्षणं असतील तेव्हा. आणि तीनही धमन्यांत अडथळे निघाले तर टेबलावरच स्टेंटला होकार देऊ नका: २०१२ च्या 'फ्रीडम' चाचणीत मधुमेहींना अशा वेळी बायपासचा फायदा जास्त झाला. प्रकृती स्थिर असेल तर सर्जनचं मत घ्यायला दोन दिवस लावले तरी चालतात. चालू अटॅकमध्ये मात्र बंद धमनी लगेच उघडावीच लागते.

१६. गरोदरपणात शुगर होती, बाळंतपणानंतर गेली. विषय संपला?

संपला नाही. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करा. तेव्हा एचबीए१सीवर विसंबू नका (कारण प्रश्न ६ मध्ये). पुढे एक ते तीन वर्षांनी पुन्हा, आयुष्यभर. अशा बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या कित्येक पट आणि हृदयविकाराचा धोकाही जास्त असतो. बाळाच्या लसींच्या तारखा पाठ असतात, ही तारीख हरवते.

१७. पायांना सूज येते, रात्री उशी उंच लागते. किडनी की हृदय?

दोन्ही तपासा. मधुमेहात धमनी न तुंबताही हृदयाचा स्नायू कडक होतो. टूडी इकोत 'पंपिंग ६० टक्के' आलं म्हणून हार्ट फेल्युअर नाही असं म्हणता येत नाही. एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी (हृदयावर ताण आला की हा आकडा वाढतो) इथे उपयोगी पडते. चालू गोळ्यांत पायोग्लिटाझोन ही साखरेची गोळी आहे का पाहा; अनेक जोडगोळ्यांत ती लपलेली असते, पाणी धरून ठेवते आणि हार्ट फेल्युअरमध्ये चालत नाही. ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनेही घोटे सुजतात, पण त्याने धाप लागत नाही. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

१८. साखर 'लो' झाली, बिस्किटं खाल्ली तरी अर्धा तास वर येईना. का?

७० च्या खाली गेल्यावर नियम असा: १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बिस्किटातलं तूप साखर शोषायला उशीर लावतं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज (जेवणातली साखर आतड्यात फुटू न देणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर साधी साखरही आतड्यात फुटत नाही, त्यांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. मेटोप्रोलोलसारखी हृदयाची गोळी थरथर आणि धडधड झाकते. घाम मात्र झाकत नाही, म्हणून अकारण घाम हीच खूण धरा. आणि तो घाम साखर १३० असताना आला तर प्रश्न १४ कडे जा.

१९. वजन १५ किलो घटवलं, मधुमेह 'गेला', साखरेच्या गोळ्या बंद. बाकीच्याही बंद करू?

साखरेची औषधं थांबवून निदान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिलं तर त्याला रेमिशन म्हणतात. ब्रिटनच्या 'डायरेक्ट' चाचणीत वर्षभरात ४६ टक्के लोकांना ते साधलं. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात प्रमाण त्याहून बरंच मोठं होतं. पण आधीच्या वर्षांत धमन्यांत साचलेला थर तिथेच असतो. बीपीची गोळी वजन उतरताना कमी करावी लागते, नाहीतर उठताना चक्कर येते. स्टॅटिनचा निर्णय साखरेवरून होत नाही. वय, पूर्वीचा अटॅक, लघवीतलं अल्ब्युमिन आणि एलडीएल पाहून होतो. डोळे, लघवी आणि एचबीए१सीची वार्षिक तपासणी चालूच ठेवा. वजन चार-पाच किलो परत आलं तर वर्ष पुरं व्हायची वाट न पाहता एचबीए१सी लगेच करून घ्या.